चौथ्या अंकातला भाऊ

९ जानेवारी, शुक्र.

"तुझ्या लिवण्यात मला घालू नको हां." दादा म्हणाला होता, केव्हाचं. माझी पहिली गोष्ट छापून आली होती आणि तो होडीला रंग लावत होता. मान वर न करता म्हणाला. मी हसले. त्यानेही पुढे काही लावून धरलं नाही.

आज दिवसभर तेच वाक्य.

नाटकाचं पहिलं वाचन झालं. बोईसर, शाळेचा हॉल. शुक्रवार म्हणजे इथल्या कंपन्यांची सुट्टी, त्यामुळे सगळे हजर. मूळ रशियन नाटकात एका मोठ्या घरातली माणसं चार अंक वाट बघत बसतात. घरचा मुलगा राजधानीहून यायचा असतो. येत नाही. बाहेर बर्फ पडत राहतो आणि पडदा. मी ते घर आपल्या किनाऱ्यावर आणलं. राजधानीच्या जागी दर्या. आणि शेवट बदलला. माझ्या चौथ्या अंकात दार वाजतं, बायको दार उघडते, तो आत येतो.

सुर्वेंनी विचारलं, का बदललात? (दिग्दर्शक. एरवी एका कंपनीत शिफ्ट बघतात.) मी म्हटलं, आपल्या प्रेक्षकांना... त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "बरंच झालं. बर्फ कुठून आणणार होतो? आपल्याकडे सकाळी गाडीच्या काचेवर कंपन्यांची जी भुकटी पडते ती स्टेजवर नको." सगळे हसले.

बायकोचं काम रंजनावहिनी करते. माझी सख्खी वहिनी, दादाची बायको. पॅकिंगला आहे इथल्याच एका कंपनीत, आणि या गटात माझ्याही आधीपासून. तिला हे काम द्यावं की नाही, विचार केला होता. पण दुसरं कोण करेल तेही सुचलं नाही.

तीन अंक सुरेख वाचले तिने. चौथा वर्तमानपत्र वाचावं तसा.

१२ जानेवारी

शाळेतले तास संपवून पालघरहून शेअर रिक्षाने गावी. आई वाळत घातलेले बोंबील उलटत होती. मीही बसले. हाताला वास लागला की बरं वाटतं, का ते माहीत नाही.

दादा गेला. नाही, "गेला" नाही म्हणायचं आमच्या घरी. दादा बोटीवरून परत आला नाही, त्याला मार्गशीर्षात बारा वर्षं झाली. बोट आली, बाकीचे आले. पहाटे जाळं ओढायला हाक मारली तर हा नव्हता. देह मिळाला नाही म्हणून दिवस केले नाहीत. फोटोला हार नाही. वहिनीच्या कपाळावर कुंकू. दाराशी त्याच्या चपला. आई त्या पुसते.

आईने विचारलं, "नाटकात काय हाय?" थोडक्यात सांगितलं. शेवट सांगताना आवाज बारीक झाला माझा.

"येतो?"

"येतो."

बोंबील तसाच हातात. मग म्हणाली, "मंग मी बघाया येते."

"प्रयोगाला ये ना."

"नाय. आदी पण येते."

१६ जानेवारी, शुक्र.

उभी तालीम सुरू. आई आली, वहिनीबरोबर, नवं लुगडं नेसून. तीन अंक डुलक्या काढल्या. चौथ्याला ताठ.

भावाचं काम नितेश करतो. उमरोळीचा, फिटर, घरी बायको आणि लहान मुलगा. दादासारखा दिसत नाही. दादा काळा, उंच. हा गोल, गोरा, केस आत्तापासूनच विरळ. मी मुद्दाम असा घेतला असेन.

नेपथ्यात एक दार. भिंत नाही, नुसती प्लायवूडची चौकट आणि फळी. चहाच्या सुट्टीत आई उठली, चौकटीला वळसा घालून मागे गेली. मी मागोमाग.

"ह्याच्या मागं काय हाय?"

"विंग. तिथे उभा राहतो तो, त्याची वेळ येईपर्यंत."

"काळोख हाय."

"हो."

"बसाया कायतरी ठेव त्याला."

सुर्वेंना सांगून स्टूल ठेवलं.

१९ जानेवारी

वहिनी कामावरून परस्पर माझ्याकडे पालघरला. ती कधी अशी येत नाही. चहा केला. ती माझ्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत बसली, मग बोलली. पाठ माझ्याकडे.

तिला लग्न करायचं आहे. मनोरचा माणूस. गॅरेज आहे. बायको आजारात गेली, मुलगी बारावीला. वर्षभरापासून ओळख, कंपनीच्या गाड्या दुरुस्त करायला येतो.

मी विचारलं, "कसा आहे?"

"बरा हाय. जेवताना बोलतो."

मी हसले. ती नाही हसली.

"हसू नको ताई. बारा वर्षं मला कुणी मीठ कमी पडलंय असं पण म्हटलं नाय. तुझी आई काय वाढलं ते खाली मान घालून खाते. बाजूला ह्यांचं ताट. उपडं. मी ते रोज घासते, न वापरलेलं."

भटजींना विचारून आली आहे. बारा वर्षं झाली की करता येतं. दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग दिवस. माघातल्या अमावास्येला व्हावं असं तिच्या मनात. मग ती मोकळी. पण आईच्या होकाराशिवाय नाही करणार. "पळून जायला मी काय सोळा वर्षांची हाय? एका घरात दोन बायका राहिलो आमी. त्यांनी धाडलं तर जाईन."

"सांगितलंस आईला?"

"कसं सांगू? पहिलं निदान गप्प बसायच्या. आता त्या दिवशी तालमीवरनं घरी आल्यावर म्हणाल्या, बघितलंस कसा आत आला."

जाताना दारात: "तुझ्या नाटकात मी दार उघडते ना, तर घरी झोपताना कडी लावायला हात जात नाय. पहिल्या वर्षी असंच व्हायचं. ते गेलं होतं. कशाला केलंस गं हे?"

 

२३ जानेवारी, शुक्र.

आईने डबा आणला. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण. नितेशसाठी. एकट्यासाठी.

बाकीचे: "मावशी, आमी काय सावत्र?"

"तुमी घरनं येता. ह्यो दर्यावरनं येतो."

हशा. नितेश लाजून जेवला. आई समोर बसून बघत होती. काटा काढायला शिकवलं त्याला, जसं काही उमरोळीच्या माणसाला मासा माहीत नाही.

वहिनी खिडकीशी, पाठांतर करत. एकच पान उघडं, बराच वेळ.

सुर्वेंना बाजूला घेऊन विचारलं, शेवट मूळचा ठेवला तर? तो येत नाही, असा? म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहिलंत. आणि खरं सांगू, शेवट चाललाय. तुमच्या आईंकडे बघा." बघितलं. म्हणून तर विचारत होते.

घरी येऊन संहिता उघडली. चौथ्या अंकाचं शेवटचं पान काढायचं, इतकंच. सबंध संध्याकाळ पेन हातात. त्याला आत आणायला मला एक ओळ लागली होती. "(दार उघडतं. तो उभा आहे.)" ती लिहिली तेव्हा पंखा बंद केला होता मी, वाऱ्याने कागद उडू नये म्हणून. घामाघूम. आणि आनंद. हे कुणाला सांगायचं. बारा वर्षांत तेवढा एकदाच.

आईचं नाव पुढे करते आहे मी. पान मलाच फाडवत नाही.

३० जानेवारी, शुक्र.

आईने दादाचा शर्ट आणला. चौकड्यांचा, निळा. "कायतरी ढगळं घालून येतो तो. हा घाल म्हणावं." ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास.

नितेशने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, मलाच कळली नाही. त्याने घातला. बाह्या लांब, दुमडल्या. आईने दुमडल्या.

एंट्री. वहिनीने दार उघडलं. वाक्य आहे, "आलात?" एवढंच. तिच्या तोंडून निघेना. प्रॉम्प्टरने दोनदा दिलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आलात?", पण दाराकडे नाही, आईकडे बघून.

लाइटवाले मिश्राजी माझ्या कानाशी: "दीदी, माताजी रो रही हैं क्या?"

"नहीं, हंस रही हैं."

"अच्छा." मग थोड्या वेळाने, "हमको ठीक नहीं लग रहा."

३ फेब्रु.

नितेशला ताप. कामावरही गेला नाही.

५ फेब्रु.

नितेशची आई आली, थेट माझ्या शाळेत. स्टाफरूमच्या दारात उभी, आत येईना. पिशवी पुढे केली. त्यात शर्ट, धुतलेला, इस्त्री केलेला, वर एक नारळ.

"मॅडम, राग मानू नका. नाटक करू दे त्याला. आवड हाय त्याची. पण जो दर्यात हाय त्याचं अंगावर नको."

मी म्हटलं, व्हायरल चालू आहे सगळीकडे.

"असंल. पण तुमी तुमच्या भावाला घातलं असतं का दुसऱ्याचं? असलं?"

नारळ परत देता येईना. शर्ट कपाटात ठेवला, माझ्या साड्यांच्या खाली.

६ फेब्रु., शुक्र.

नितेशशिवाय तालीम. सुर्वे म्हणाले, एंट्रीपर्यंत जाऊ आणि थांबू. आई आली होतीच. तिला सांगितलं, तो आजारी आहे, आज येणार नाही. मान डोलावली, बसली.

चौथा अंक. वहिनी कंदील घेऊन बसलेली. दार वाजायची जागा आली. वाजवायला विंगेत कुणी नव्हतं, कारण दार वाजवायचं कामही नितेशच करतो. आणि फळी हलली. एकदा. चौकटीवर आपटली.

पंखे बंद होते, आवाज येतो म्हणून तालमीत बंदच ठेवतो. खिडक्या, कंपन्यांच्या वासामुळे, बंद.

आई म्हणाली, "आला."

कुणीतरी हसलं. सुर्वे स्वतः जाऊन मागे बघून आले. "बिजागरी सैल आहे," म्हणाले. सुताराला सांगतो म्हणाले. वहिनी कंदील धरून तशीच. मी तिच्याकडे जायला उठले आणि पाय जाईनात, कारण एक क्षण, एकच, मीही दाराकडे बघत होते. वाट बघत होते. इतक्या लोकांत.

परतताना रिक्षात तिघी. आईचा हात माझ्या मांडीवर, गरम.

१० फेब्रु.

नितेश बरा. फोन केला त्याने. येतो म्हणाला, स्वतःच्या शर्टात.

१३ फेब्रु., शुक्र.

रंगीत तालीम. लिहून काढते नाहीतर झोप नाही.

सगळे कपड्यांत, मेकअपमध्ये. मिश्राजींचा निळा प्रकाश. दार दुरुस्त केलेलं. तीन अंक नीट पार पडले, इतके नीट की मी आईला विसरले.

दार वाजलं. वहिनीने उघडलं. "आलात?" नितेशने पाय उचलला.

"थांब!"

आई उठली होती. पिशवीतून भाकरीचा तुकडा काढला, पाण्याचा तांब्या. तांब्या घरून आणला होता, फडक्याने तोंड बांधून. पायऱ्या चढून स्टेजवर. कुणी अडवलं नाही. तिने तुकडा नितेशच्या तोंडावरून ओवाळला, त्याच्या पायांवर पाणी घातलं, तुकडा विंगेत लांब फेकला. मग माझ्याकडे वळून, रागाने: "इतक्या वर्सांनी आलेल्याला असंच घरात घेतात? काय लिवलंस तू? कायबाय घरात शिरलं असतं त्याच्या मागनं." आणि नितेशला, अगदी हळू: "ये आता."

नितेश आत आला. ते कामात होतं म्हणून की तिने बोलावलं म्हणून, त्यालाही सांगता येणार नाही. तिच्या पाया पडला. ते कामात नव्हतं.

मी रडत होते. मला थांबवायचं नव्हतं काही. पुन्हा बघायचं होतं.

वहिनी मेकअपरूममध्ये. मागे गेले तर आरशासमोर, क्रीम लावून चेहरा पुसत होती, कुंकवासकट. पुसून झाल्यावर पर्समधून टिकली काढली, हातात धरली, लावली नाही.

"ताई, बावीस तारखेला प्रयोग. पास वाटून झालेत. मी काम टाकणार नाय. पण त्याला आत आणलंस तर दार नाय उघडणार मी. मिश्राजींना सांग, अंधार करायचा तर करा."

"आईला काय सांगू?"

"मला ठाऊक नाय. तू लिहितेस ना?"

मग टिकली लावली. "घरी जायचंय," म्हणाली.

१५ फेब्रु.

पान काढलं. फाडलं नाही, पिना सोडवून वेगळं केलं. शर्टाच्या घडीत ठेवलं.

सुर्वेंच्या घरी तासभर. त्यांनी ऐकून घेतलं. मग: "मॅडम, तुमच्या घरचं तुम्ही बघा. नाटक म्हणून मला एकच सांगा, दार वाजत नाही, तर रंजना काय करते? शेवटी नुसती बसली तर लोक उठून पार्किंगला जातील."

वहिनीला फोन लावला. स्पीकरवर. ती म्हणाली, "कडी लावते. उठते, कडी लावते, कंदील बारीक करते."

सुर्वे: "खरी कडी बसवून घेतो. खट्कन वाजली पाहिजे."

नितेशला सांगितलं, तुझं काम गेलं. तो म्हणाला, "मावशींना वाईट वाटंल. डबा कुणाला देतील?" दार वाजवायचं काम नाही, तरी विंगेत बसेन म्हणाला.

१६ फेब्रु.

आईला सांगितलं. शेवट बदलला. तो येत नाही, वहिनी उठून कडी लावते.

ऐकलं. बोंबलांचा ढीग पुढ्यात, मोठे एकीकडे, बारीक एकीकडे करत होती. करत राहिली.

वहिनीने सांगायचं ते मी सांगितलं. तिने मला ते सांगायला सांगितलं नव्हतं. मनोर. गॅरेज. अमावास्या. पुतळा.

मग: "तुमी दोघी मिळून त्याला मारताय."

"आई..."

"एकीनं लिवलं, एकीनं कडी घातली. चांगलं हाय."

वहिनी चुलीपाशी होती. बाहेर आली नाही. तवा तापून धूर झाला, तरी भाकरी टाकली नाही.

निघाले तर आई मागून, माझ्याकडे न बघता: "त्याचा शर्ट आन परत."

१७ फेब्रु.

अमावास्या. काही झालं नाही. वहिनी कामावर गेली.

१९ फेब्रु.

वहिनी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या गेटवर भेटली. आई तिच्याशी बोलते, तेल संपलंय, गॅस आणायचाय, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं, म्हणाली.

काल शर्ट नेऊन दिला. पान आतून काढून घेतलं होतं. आईने घडी उलगडली, वास घेतला. म्हणाली, "साबणाचा वास मारतो." नितेशच्या आईने धुतला होता. त्यात दादाचं काही उरलं नव्हतं. दोष माझाच, मी मान हलवली होती. आईने ट्रंकेत ठेवला नाही. दोरीवर टाकला, वाऱ्यावर.

वहिनीला विचारलं, तूच एकदा स्पष्ट बोल ना आईशी.

"नाय बोलणार. विचारलं तर त्या नाय म्हणतील. मंग त्यांचं नाय घेऊन मला जन्मभर त्या घरात राहायला लागंल, आणि त्यांना पण. त्या प्रयोगाला आल्या आणि पडदा पडेपर्यंत बसल्या ना, मला पुरे. स्टेजवरनं दिसतं मला. मी कडी घातली आणि त्या खुर्चीत असल्या, तर दुसऱ्या दिवशी मी भटजींकडे जाते. नसल्या तर मनोरला कळवते, नको म्हणून."

"असं कुठे असतं वहिनी?"

"आमचं असंच हाय. आमी बोललोय कवा?"

भोंगा झाला. गेली.

२१ फेब्रु., शनि.

उद्या प्रयोग. सकाळी हॉलवर जाऊन आले. कडी बसली आहे, पितळी, नवी. सुर्वेंनी चार वेळा लावून ऐकवली. नितेश विंगेतल्या स्टुलावर बसून मोबाइल बघत होता.

दुपारी गावी. आई ओटीवर, पाय पसरून. शर्ट अजून दोरीवर. उन्हाने खांद्यावर फिकट झाला आहे.

शेजारी बसले. चहा तिने केला. वहिनी अजून आली नव्हती. आई म्हणाली, "रंजीला भाजी आणाया सांगितली. तिला आवडते तसली, वालाच्या शेंगा." इतकं मोठं वाक्य चार-पाच दिवसांत पहिलंच, वहिनी म्हणते त्यावरून. मला बळ आलं. लगेच गेलंही.

काय म्हणेल ते ठाऊक आहे. मुलगा येत नाही ते बघायला आई जात नसते, म्हणेल. किंवा गुडघे दुखतात म्हणेल. किंवा काहीच म्हणणार नाही, कप उचलून आत जाईल. तेच बहुतेक. मी तिच्या जागी असते तर मीही नसते गेले. मला स्वतःलाच उद्या तिथे बसवेल का, सांगता येत नाही.

तरी म्हटलं. तिचा हात हातात न घेता, समोर बघत, जसं आमच्या घरी बोलतात:

"आई, उद्या नाटकाला ये. माझ्या बाजूला बस. तो येत नाय त्यात. रंजनावहिनी कडी लावेल, तेव्हा उठू नको. पडदा पडेपर्यंत बस."